घर नवं, झाडं जुनी: नाशिकमध्ये बंगला घेतल्यावर आवारातल्या झाडांचं काय करायचं

नाशिकमध्ये जुना बंगला किंवा रो-हाऊस विकत घेतलं की रंगारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्या पाठोपाठ गेटवर आणखी एक माणूस येतो. "साहेब, आंबा लई वाढलाय, पावसाळ्यात भिंतीवर येईल. मी तोडून देतो, पैसे नका देऊ, लाकूड फक्त मला." गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, हे वाक्य नव्या मालकाच्या कानावर येतंच. घरातली बाकीची कामं अंगावर आलेली असतात, फुकटात एक काम होतंय म्हणून माणूस "बरं" म्हणतो. तीस-चाळीस वर्षांचं झाड मग दुपारच्या आत वखारीत जातं.

हा लेख त्या "बरं" म्हणण्याच्या आधी वाचायचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: जे झाड आज-उद्या कोणाच्या अंगावर पडू शकतं त्याचं काम ताबडतोब करा. बाकीच्या एकाही झाडाबद्दल पहिलं वर्षभर मोठा निर्णय घेऊ नका. घराचे तिन्ही ऋतू बघितल्याशिवाय कुठलं झाड काय काम करतंय हे कळत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर सावली धरणारा कडुनिंब दिवाळीत अडचण वाटतो. एप्रिलच्या दुपारी तोच निंब बेडरूम राहण्याजोगी ठेवतो.

आधी वही करा

घराचा ताबा मिळाला की पहिल्या पंधरवड्यात एक दुपार झाडांसाठी काढा. प्लॉटचा कच्चा नकाशा काढा: घर, कंपाउंड, गेट, सेप्टिक टाकी, पाण्याची जमिनीतली टाकी, ड्रेनेजचे चेंबर, विजेच्या तारा. टाक्या आणि पाइप कुठे आहेत हे आधीच्या मालकाला विचारून घ्या, कारण नंतर तो फोन उचलेलच असं नाही. मग त्या नकाशावर प्रत्येक झाडाला आकडा द्या. झाडावर पाटी ठोकू नका, खिळा मारू नका; आकडा लिहिलेली पट्टी सुती दोरीने सैल बांधा.

प्रत्येक आकड्यासमोर झाडाचं नाव, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, अंदाजे उंची, घरापासूनचं अंतर आणि चार बाजूंनी चार फोटो एवढं हवं. फोटो तारखेसकट जपा. पुढे परवानगी मागताना, शेजाऱ्यांशी बोलताना आणि वादळात नुकसान झालं तर विम्यासाठी हेच फोटो कामाला येतात.

नाव ओळखता येत नसेल तर अंदाज लिहू नका, पान-फूल-फळ येईपर्यंत जागा मोकळी ठेवा. आधीच्या मालकाला किंवा जुन्या माळीदादांना एक प्रश्न जरूर विचारा: हे झाड कोणी लावलं आणि कधी? कलमाचा केशर आहे की कोयीतून आलेला रायवळ, हे त्या एका उत्तरातून कळतं. वयाचा अंदाजही तिथूनच मिळतो, आणि वय किती महत्त्वाचं ते पुढे येईलच.

एक खबरदारी. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर घर घेतलं असेल तर निष्पर्ण दिसणारं प्रत्येक झाड मेलेलं नसतं. चाफा, काटेसावर, पांगारा, बहावा आपापल्या वेळेला पानं टाकतात. खात्री करायची तर बारीक फांदीची साल नखाने हलकीच खरवडा. आत ओला हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी खाली, जाड भागावर तेच करून बघा.

कोणतं झाड खरंच धोक्याचं

पडू शकणारं झाड आणि नुसतं मोठं झाड यांत गल्लत होते. मोठं असणं हा दोष नाही. बघायचं ते असं.

बुंध्याच्या तळाशी बसा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना पसरत जातो, मुळांचे फुगार दिसतात. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला तर तिथे कधीतरी भराव टाकला गेला आहे. आपल्याकडे रस्ता उंच झाला, पावसाचं पाणी आत यायला लागलं की आवारात मुरुमाच्या ट्रॉल्या ओततात आणि झाडाचा गळा गाडला जातो. आतली साल ओली राहून कुजते आणि वरून काही वर्षं पत्ताही लागत नाही. खुरप्याने आणि हाताने हळूहळू ती माती बाजूला करा, फुगार दिसेपर्यंत. कुदळ चालवू नका.

तळाशी किंवा मुळांवर अर्धगोल, टणक, तपकिरी अळंबी उगवलेली दिसली तर गांभीर्याने घ्या. गुलमोहर, पीतमोहर यांच्यावर ती बऱ्याचदा दिसते. आतलं लाकूड आणि मुळं कुजत असल्याची ती खूण असते, आणि अशी झाडं हिरवीगार असतानाच मुळासकट उलटतात. लाकडी हातोडीने बुंधा ठोकत गोल फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक सरावाशिवायही कळतो. पोकळ म्हणजे लगेच तोडा असं नाही. जुने वड, उंबर पोकळ बुंध्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभे असतात. पण पोकळ, कललेलं आणि अळंबी लागलेलं, असं तिन्ही एकत्र असेल तर वाट बघू नका.

कल जुना की नवा तेही बघा. जन्मापासून उजेडाकडे वाकलेलं झाड वरच्या टोकाला पुन्हा सरळ झालेलं असतं आणि त्याच्या तळाची माती घट्ट असते. कल नवा असेल तर उलट बाजूची माती उचललेली, भेगाळलेली दिसते. ही भेग पावसात दिसली तर त्या बाजूला गाडी लावू नका, पोरांना खेळू देऊ नका आणि त्याच दिवशी महापालिकेला कळवा.

शेवटी वर बघा. दोन सारख्या जाडीच्या फांद्या इंग्रजी व्ही सारख्या अरुंद फुटल्या असतील आणि मधे साल आत दबलेली असेल, तर वाऱ्यात तो सांधा चिरतो. वाळलेल्या जाड फांद्या, आधीच्या वादळात मोडून अडकलेल्या फांद्या, खोडाला आवळलेल्या जुन्या तारा, हे सगळं वहीत लिहा.

नाशिकची जमीन इथे मोठा फरक करते. सिडको, पाथर्डी फाटा, सातपूरच्या अंगाला कितीतरी ठिकाणी हात-दोन हातांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तिथे मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. अशा जागेवरचं उंच, शेंडेजड झाड मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात आधी जातं. गोदाकाठच्या आणि मळ्यांच्या खोल काळ्या मातीत मुळं खोल जातात, पण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भिंतीला तडा दिसला की लोक झाडावर आळ घेतात. पुष्कळदा तो तडा निव्वळ काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने आलेला असतो. झाड तोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुनं मोठं झाड एकदम काढलं की तिथली माती आधीपेक्षा जास्त पाणी धरते, फुगते, आणि तडा वाढूही शकतो.

कायदा: झाड तुमचं, तोडायची परवानगी महापालिकेची

ही गोष्ट नव्या मालकांना पटकन पटत नाही. जागा माझी, झाड माझं, मग विचारायचं कशाला? नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि खाजगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. या कायद्यात "तोडणे" यात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. बुंध्याची साल गोल सोलणं, मुळात अ‍ॅसिड ओतणं, एका बाजूची सगळी मुळं कापणं हे मागच्या दाराने तोडणंच आहे आणि गुन्हाच आहे. फुकटात तोडून देणारा माणूस लाकूड घेऊन निघून जातो, नोटीस येते ती मालकाच्या नावावर.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं आणि त्याला जास्तीचं संरक्षण आहे. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूदही याच दुरुस्तीने आली. म्हणजे तीस वर्षांचा आंबा काढला तर तीस झाडांची जबाबदारी. म्हणूनच वर म्हटलं, वय आधी विचारून ठेवा.

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. मुख्यालय शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन. झाडांचं काम उद्यान विभाग बघतो. आपल्या विभागीय कार्यालयात जाऊन अर्जाचा चालू नमुना आणि शुल्क विचारून घ्या. अर्जासोबत खरेदीखत किंवा इंडेक्स टू, घरपट्टीची पावती, झाडाचे फोटो, जागेचा नकाशा आणि कारण द्या. कारण नेमकं लिहा. "अडथळा होतो" असं मोघम लिहू नका. "बुंध्याच्या पूर्वेला अळंबी, खोड दोन फुटांपर्यंत पोकळ, कल घराकडे" असं लिहिलं की पाहणीला येणाऱ्या माणसालाही काय बघायचं ते कळतं. मग जागेवर पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, लोकांना हरकती घ्यायला मुदत मिळते आणि त्यानंतर निर्णय. परवानगी मिळाली तर तिच्या अटी वाचा, आणि कागद हातात आल्याशिवाय करवतवाल्याला तारीख देऊ नका. छाटणीसाठीही तिथेच विचारा. मोठ्या फांद्यांचं काम विनापरवाना करू नका.

देवळाली कॅम्पात घर असेल तर छावणी मंडळाकडे चौकशी करा. शहराच्या हद्दीबाहेर, गोवर्धन, गिरणारे, त्र्यंबकच्या बाजूला फार्महाऊस घेतलं असेल तर १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा बघावा लागतो. त्याच्या यादीत आंबा, जांभूळ, फणस, चिंच, साग, मोह, चंदन अशी झाडं आहेत.

चंदनाचं एक वेगळं सांगतो. जुन्या बंगल्यांच्या कडेला पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून चंदन उगवलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. चोरांना असतो. रात्रीत बुंधा कापून नेल्याच्या बातम्या नाशिकमध्ये नव्या नाहीत. आवारात चंदन निघालं तर गावभर सांगत फिरू नका, त्या कोपऱ्यात दिवा लावा आणि वहीत फोटोसकट नोंद करा.

कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस शहरात केवढा जागर झाला ते सगळ्यांनी पाहिलं. सरकारी जागेवरच्या झाडांसाठी आपण रस्त्यावर येतो, तर आपल्याच कंपाउंडातल्या झाडासाठी एक अर्ज करायला कंटाळू नये असं मला मनापासून वाटतं.

झाड अचानक पडलंच तर अग्निशमन दलाचा क्रमांक १०१. तारेवर पडलं असेल तर आधी महावितरणला कळवा आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत ओल्या फांदीलाही हात लावू नका.

छाटणी: कोणाला बोलवायचं, काय सांगायचं

नाशिकला द्राक्षाच्या छाटणीतले उस्ताद पोत्याने मिळतील, पण चाळीस फुटी झाडावर नीट काम करणारे कमी. कोयता आणि दोरी घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा एकच उपाय सुचवतो: शेंडा मारायचा. "वरून सपाट करून टाकतो, दोन-तीन वर्षं बघायला नको." याला ठाम नाही म्हणा. शेंडा मारलेल्या झाडाला त्या ठिकाणाहून झाडूसारखे कोंब फुटतात. ते वेगाने वाढतात, पण त्यांचा जोड फक्त सालीपुरता असतो. वरचा कापलेला भाग कुजत खाली उतरतो. तीन वर्षांनी झाड पहिल्याइतकंच उंच होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त मोडतं.

बोलवाल त्याला आधी विचारा: कमरेचा पट्टा आणि हेल्मेट आहे का, फांदी दोरीने उतरवणार की तशीच खाली टाकणार, माणसाला इजा झाली तर कोण बघणार. उत्तरं चाचरत आली तर दुसरा माणूस शोधा.

फांदी कापायची रीत तीन कापांची असते, आणि आपण खाली उभं राहून ती करून घ्यायची. पहिला काप बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब, खालच्या अंगाने, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा काप त्याच्या चार बोटं पुढे, वरून. फांदी आपल्या वजनाने तुटून पडते, पण खालच्या कापामुळे साल सोलत बुंध्यापर्यंत येत नाही. मग उरला खुंट. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, सुरकुतलेल्या मनगटासारखं. तिसरा काप त्या कड्याच्या लगेच बाहेरून. कडं कापलं तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, किडीला वाट देतो. नीट कापलेली जखम वर्षभरात चारही बाजूंनी गोल सालीने झाकायला लागते; बघायला गेलात तर कळेल की झाड ती आपणच भरून काढतं.

एका वेळी पालवीचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त काढू नका. वाळलेल्या आणि मोडक्या फांद्या कधीही काढाव्यात, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत काढल्या तर वळवाच्या आधी काम होतं. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच करा. डिसेंबरात केलीत तर जानेवारी-फेब्रुवारीतला मोहोर गमावून बसाल. भर पावसात मोठे काप टाळा.

फांदीवर चढण्याआधी घरटी बघा. कावळे उन्हाळ्यात, बगळे पावसाळ्यात विणीला असतात आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घरटी-अंडी मोडणं गुन्हा आहे. पिल्लं उडाली की काम करा, एवढं थांबायला काही जात नाही. आग्या मोहोळ असेल तर धूर-मशाल करून हुसकवायचा प्रयत्न जिवावर बेततो. जाणकार माणूस आणा किंवा ते मोहोळ आपसूक उठून जाईपर्यंत त्या झाडाखाली वावर बंद ठेवा.

संक्रांतीनंतर एक फेरी झाडांसाठी काढाच. नायलॉन मांजावर बंदी असली तरी फांद्यांत तो अडकलेला सापडतोच आणि घुबडं, बगळे, वटवाघळं त्यात लटकतात. लांब काठीने, हातमोजे घालून तो गुंडाळून घ्या. मात्र झाड तारांजवळ असेल तर काठी, बांबू, अ‍ॅल्युमिनियमची शिडी काहीही वर नेऊ नका. ते काम महावितरणचं.

बुंध्याभोवतीचा फास

माझ्या मते नव्या मालकाने करायचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश देताना झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेच माप आपल्या आवारात धरा.

इंदिरानगरातल्या एका रो-हाऊससमोरच्या कडुनिंबाचं काम मी जवळून पाहिलं आहे. बुंधा ब्लॉकांवर ओठासारखा ओघळला होता, म्हणजे वाढताना त्याने सिमेंटची कड गिळली होती. छिन्नी-हातोडीने ब्लॉक एक-एक करून सुटे केले, जिथे लाकडात रुतले होते तिथे ओढाताण न करता तुकडा तसाच ठेवला. खाली सिमेंट-कचचा थर, त्याखाली दगडासारखी दबलेली माती, आणि त्या मातीत थेट पृष्ठभागालगत पसरलेली केसांसारखी मुळं. पाणी खालून मिळत नव्हतं म्हणून ती ब्लॉकांच्या फटींत तोंड खुपसून बसली होती. माती हाताने भुसभुशीत केली, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि वर पाचोळा घातला. पुढच्या चैत्रात त्या निंबाला आलेली पालवी गल्लीतल्या काकूंनी आपणहून येऊन दाखवली.

पाचोळ्याचा थर चार बोटं जाड असावा, पण बुंध्याला टेकवू नका. वीतभर जागा मोकळी. तुळशीवृंदावनासारखे पक्के ओटे बुंध्याभोवती बांधून आत माती भरण्याची हौस टाळा, तो पुन्हा गळा गाडण्याचाच प्रकार. आणि पाचोळा जाळू नका. कोपऱ्यात खड्डा किंवा जाळीचं पिंप करा, उरलेला घंटागाडीत वेगळा द्या.

मुळं आणि पाइप यांबद्दल. मुळं धडधाकट पाइप सहसा फोडत नाहीत. जिथे आधीच गळती असते तिथल्या ओलाव्याकडे जातात आणि सांध्यातून आत शिरतात. जुन्या घरांतले चिनीमातीचे पाइप सिमेंटने जोडलेले असतात, ते सांधे आधी जातात. ड्रेनेज तुंबलं तर पाइप बदलून पीव्हीसीचा, नीट जोडलेला टाका. मूळ कापून काही होणार नाही, गळती आहे तोवर दुसरं येईल. पाइपसाठी किंवा गॅसच्या लाइनसाठी चर खणायचा असेल तर बुंध्यापासून जमेल तितका लांबून न्या, आणि मनगटाएवढी मुळं आली तर त्यांच्याखालून पाइप सरकवा. झाडाला उभं धरणारी मुळं तीच.

घराचं वाढीव बांधकाम करणार असाल तर काम सुरू होण्याआधीच फांद्यांच्या घेराएवढ्या जागेला बांबूचं कुंपण घाला. ठेकेदार वाळू, खडी तिथेच टाकतो, मिक्सर तिथेच धुतो. सिमेंटचं ते पाणी मुळांना मारतं.

आंब्यातला भिरूड आणि इतर दुखणी

गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांतल्या आंब्यांना हे दुखणं फार. खोडाच्या खाली किंवा जाड फांदीच्या बगलेत लाकडाचा भुसा, चघळल्यासारखा, लगदा होऊन पडलेला दिसतो. वर बोट आत जाईल एवढं भोक. आत भिरुडाची अळी असते, पांढरट, करंगळीहून जाड, आणि ती लाकूड खात वर सरकते. सायकलच्या आऱ्याच्या टोकाला आकडा करून भोकात घाला, वळवत भुसा काढा. अळी आकड्याला लागली तर ओढून काढा. मग कृषी सेवा केंद्रातून योग्य कीटकनाशक विचारून त्यात भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि तोंड चिखलाने लिंपा. आठ-दहा दिवसांनी ताजा भुसा दिसला तर पुन्हा.

बांडगूळही आंब्यावर असतं. लांबून ते आंब्याच्याच पानांचं झुपकं वाटतं, पण पान वेगळं आणि फुलं नळीसारखी. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा येतं; जिथे रुतलंय त्याच्या हातभर खालून फांदी कापावी.

पावसाळ्याआधी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र. लोखंडी भांडं नको. ओळखीत कोणी द्राक्षवाला असेल तर तो हे डोळे मिटून करून देईल. मोठ्या छाटणीच्या जखमांवरही हेच. काही कळेनासं झालं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र शहराजवळच आहे, फांदीचा नमुना घेऊन जा.

पाणी

मोठ्या झाडाला बुंध्याशी पाइप सोडून उपयोग नाही. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकाखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. तिथे गोल उथळ आळं करा आणि मार्च ते मे दहा-पंधरा दिवसांनी एकदा भरपूर द्या. रोज शिंपडलेलं पाणी मुळांना वरवरची सवय लावतं. जुन्या झाडांना पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाण्याची गरज जवळजवळ नसते. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर सगळी बाग जगवू नका, त्यात क्षार जास्त असतात.

कोणतं झाड ठेवायचं, कोणावर नजर

सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया आवारात आपसूक उगवतात. रोप लहान असतानाच उपटा. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, तो गाडीवर येणार नाही अशा जागी असेल तर खुशाल ठेवा. गुलमोहर आणि पीतमोहर यांची दर उन्हाळ्यात तपासणी हवी. निलगिरी आणि सिल्व्हर ओक त्यांच्या स्वतःच्या उंचीपेक्षा घराच्या जास्त जवळ असतील तर लक्ष ठेवा. खोट्या अशोकाच्या रांगा निरुपद्रवी असतात, वटवाघळांना फळं देतात. सातविणीचा ऑक्टोबरातला वास कोणाकोणाला सोसत नाही, घरात दम्याचा माणूस असेल तर एक हंगाम बघून ठरवा. कोनोकार्पसची नवी रोपं कुंपणाला लावू नका. गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बिट्टीची फळं विषारी असतात, लहान मुलं असतील तर पडलेली फळं रोज वेचा.

आंबा, जांभूळ, कडुनिंब, उंबर, बकुळ, करंज यांतलं काहीही निरोगी असेल तर ते घराबरोबर मिळालेलं धन आहे. उंबर सेप्टिक टाकीला खेटून असेल तर टाकी हलवण्याचा खर्च आधी काढून बघा. भिंतीच्या फटीतली वड-पिंपळाची रोपं मात्र पहिल्याच पावसाळ्यात, माती ओली असताना, मुळासकट काढून गावाबाहेर मोकळ्या जागी लावा.

शेजारी

कुठल्याही कामाआधी दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन या. फांद्या त्यांच्याकडे गेल्या असतील, पानं त्यांच्या गच्चीत पडत असतील, तर आधीच्या मालकाशी त्यांचं काहीतरी झालेलं असतं आणि ते तुमच्यावर येणार. "काका, पाणी जायची पन्हाळ तुंबते का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ निवळतं. त्यांच्याकडची फांदी कमी करायची तर अर्ज तुमच्याच नावाने करा, आणि कैऱ्या उतरल्या की टोपलीभर त्यांच्याकडे पाठवा.

नवीन लावायचं तर

वर्षभर बघितल्यावर रिकाम्या जागा आपोआप कळतात. पहिले एक-दोन दमदार पाऊस होऊन गेले की लावा. खड्डा मे महिन्यातच घेऊन उन्हात तापू द्या, तीन फूट लांब-रुंद-खोल. मुरूम लागला तर तो काढून मळ्याची माती आणि शेणखत भरा. आंबा, जांभूळ घरापासून पंधरा-वीस फूट लांब. पेरू, सीताफळ, कढीपत्ता, पारिजातक, सोनचाफा यांना आठ-दहा फूट पुरतात. पश्चिम आणि नैऋत्येला सावलीची झाडं, पूर्वेला कमी उंचीची, म्हणजे थंडीतलं सकाळचं ऊन अडणार नाही. तारांखाली फक्त झुडपं. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच मातीत ठेवा, काठीला सैल इंग्रजी आठचा (8) फेर देऊन बांधा आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो बांध सोडा.